याडी, आई, मदर

एखाद्या मुलाला इंग्रजी किती येते हे तपासण्याआधी त्याच्या घरात कोणती भाषा बोलली जाते, हे विचारायला हवे. मराठवाड्यात तसे क्वचितच विचारले जाते, कारण इथले प्रत्येक घर मराठीच बोलते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याच्या पट्ट्यात कन्नड, जुन्या शहरांतील मोहल्ल्यांत दखनी, किनवट-माहूरच्या डोंगरांत कोलामी आणि गोंडी, तर गावोगावच्या तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते.

तांड्यावरच्या मुलाला पहिलीत मराठीच नवी असते. किनवट तालुक्यातील एका तांड्याच्या शाळेत मी बसलो होतो. बाईंनी ‘मदर म्हणजे आई’ असे सांगितले तेव्हा समोरची मुलगी गप्प राहिली. ‘म्हणजे याडी’ असे म्हणताच तिचा चेहरा उजळला आणि तिने आपल्या याडीचे नावच सांगून टाकले. एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अर्धवट कळलेल्या शब्दाने सांगितला की मूल दोन्ही पाठ करते, पण अर्थ मनात उतरत नाही.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडले आहे. घरच्या भाषेत मूल वर्गीकरण करायला, कारण सांगायला, गोष्ट क्रमाने मांडायला शिकले, तर ती क्षमता दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. त्यांच्या मते, स्थलांतरित मुले रोजच्या बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत आत्मसात करतात, मात्र अभ्यासाच्या इंग्रजीला पाच ते सात वर्षे लागतात. तिथे तर रस्त्यावर, दुकानात, मैदानावर सगळीकडे इंग्रजी असते. आपल्याकडे ती तासिकेपुरती कानावर पडते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते आणि सेमी इंग्रजीचे वर्गही खेड्यांपर्यंत पोहोचले आहेत. पालकांची ही ओढ मला पूर्णपणे रास्त वाटते. परंतु इंग्रजी लवकर सुरू केली म्हणजे ती लवकर येते, हा समज मात्र खरा नाही.

मोजणीतही हीच उणीव आहे. अमेरिकेच्या पाहणीत घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता आणि इंग्रजी कितपत बोलता येते, असे दोन्ही विचारतात. उत्तरासाठी ‘अतिशय चांगली’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत चार पर्याय असतात. आपल्या जनगणनेत मातृभाषा आणि अवगत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवतात, पण किती अवगत हे विचारत नाहीत. २०११ मध्ये देशातील सुमारे ८.३ कोटी लोकांनी इंग्रजी दुसरी, तर सुमारे ४.६ कोटींनी तिसरी भाषा म्हणून सांगितली. त्यांतले अर्ज लिहू शकणारे किती आणि केवळ पाटी वाचणारे किती, हे या आकड्यांतून कळत नाही. शिवाय बंजारा बोली हिंदीच्या गटात मोजली गेल्याने गोरमाटी घर भाषांच्या मुख्य तक्त्यात वेगळे दिसत नाही.

दिवाळीनंतर बीडच्या तांड्यांवरची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला कर्नाटकात जातात. त्यांच्या मुलांच्या कानावर तिथे काही महिने कन्नड पडते आणि त्यातली थोडीफार त्यांना येऊही लागते. जनगणनेत गोरमाटी, मराठी आणि इंग्रजी लिहून झाल्यावर मात्र कन्नडसाठी रकाना उरत नाही.