औषधांच्या रिॲक्शनमुळे आयसीयूत जावं लागणं

आजारासाठी नेहमीच्या डोसात घेतलेल्या औषधानंच शरीराला अपाय केला तर त्याला औषधाची रिॲक्शन म्हणायचं, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनं १९७२ साली केली. आयसीयूत मात्र डोस जास्त झालेला, दोन गोळ्यांचं एकमेकींशी न जमलेलं, किडनी कमजोर असताना डोस कमी न केलेला असे सगळेच पेशंट येतात, म्हणून इथं ते एकत्रच घेतलंय.

रिॲक्शन म्हटलं की आपल्याला अंगावर पित्त उठणं, नाहीतर इंजेक्शन देताच माणूस आडवा होणं एवढंच आठवतं. पण ॲडमिट व्हायला लावणारी औषधं बहुतेक वेळा रोजचीच असतात. इंग्लंडात लिव्हरपूलच्या भागातल्या २ हॉस्पिटलांत १८,८२० ॲडमिशन तपासली गेली, ते २००४ साली छापून आलं, त्यात ६.५ टक्के ॲडमिशन औषधांच्या रिॲक्शनमुळे झालेली होती आणि दोषी कोण तर ॲस्पिरिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि पेनकिलर. त्यातल्या बहुतेक टाळता आल्या असत्या, हे जास्त लागतं मनाला.

कोल्हापूर जिल्ह्यात पेनकिलरचं प्रकरण फार मोठं आहे. ऊस तोडणारा असो की गुऱ्हाळावरचा, कंबर धरली की मेडिकलमधनं डायक्लोफिनॅकची गोळी आणायची आणि कामाला लागायचं, चिठ्ठी कोण मागतंय. त्याच माणसाला बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असते, तिच्यात लघवीची गोळी जोडलेली असते, वरनं उन्हानं किंवा जुलाबानं अंगातलं पाणी गेलेलं असतं, आणि पेनकिलर धरून हे सगळं मिळून किडनीचा रक्तपुरवठा इतका कमी करतं की लघवी बंद होते, पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, मग डायलिसिस. शिवाय पोटात अल्सर होऊन काळी, डांबरासारखी शी होते, तीही कितीतरी जण जेवणावर ढकलतात.

शुगरच्या गोळ्यांचं वेगळं. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस उपवास धरणारी आजी ग्लिमेपिराइड मात्र सकाळी न चुकता घेते, आणि दुपारी ती असंबद्ध बोलायला लागली की घरचे पॅरालिसिस समजून धावतात. साखर तपासली की उलगडा होतो. पण ग्लुकोज देऊन शुद्ध आली म्हणजे सुटली असं नाही, गोळीचा असर टिकून राहतो, किडनी कमजोर असेल तर जास्तच, साखर परत उतरते, म्हणून दिवसभर तरी देखरेखीत ठेवतात.

कातडीच्या रिॲक्शन कमी होतात पण भयंकर असतात. फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या चालू झाल्यापासून साधारण पहिल्या दोन महिन्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड सोलपटतं, मग कातडीचे पापुद्रे सुटायला लागतात. दहा टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम, तीस टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, आणि त्याची काळजी भाजलेल्या पेशंटसारखीच घ्यावी लागते. पण घरी काय होतं, तर गोळ्या गरम पडल्या म्हणून ताक, सब्जा चालू करतात आणि गोळीही चालूच ठेवतात, त्यात मोलाचे दिवस जातात. गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठणं हाच पहिला उपचार. फिटची गोळी असेल तर तिच्या जागी दुसरी लगेच लागते, ती डॉक्टरच ठरवणार.

राधानगरी, शाहूवाडीकडं भाताच्या रानात साप चावला की जी लस देतात ती घोड्याच्या रक्तातनं काढलेली असते, तिचीही रिॲक्शन येते, अंगावर गांधी उठतात, श्वास घुसमटतो, बीपी पडतं. तेव्हा मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनलिन देतात आणि रिॲक्शन आवरली की लस पुन्हा चालू करतात, कारण विष अजून अंगात असतं. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोननं असं झालं तर मात्र ते औषध त्या माणसाला पुन्हा द्यायचं नसतं, त्याचं नाव केसपेपरवर ठळक लिहून ठेवावं लागतं.

आयसीयूत सगळ्यात जास्त अडतं ते कोणत्या गोळ्या घेतल्या ते न कळल्यामुळं. स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या की नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर राहते, आणि नातेवाईक कागदाच्या पुडीत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या दारात उभे राहतात. पांढरी गोळी बीपीचीही असते, स्टेरॉइडचीही. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ती बरेच महिने घेऊन एकदम बंद केली तर बीपी कोसळतं. त्यामुळं निघताना घरातल्या सगळ्या पुड्या, काढे, रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घालून आणावीत.

रिॲक्शनची नोंद करायची सोय देशभर आहे. फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या रिॲक्शनवर लक्ष ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. डॉक्टर, नर्स, मेडिकलवाला आणि स्वतः पेशंट, कुणीही कळवू शकतो, नुसता संशय असला तरी चालतं, औषधाचं नाव, कधी सुरू केलं आणि त्रास कधी झाला एवढं सांगता आलं पाहिजे.