"सगळं कळतंय त्याला, फक्त बोलत नाही": स्पीच थेरपीच्या तपासणीला जाण्याआधी समजणं आणि बोलणं वेगवेगळं बघा

पावणेदोन-दोन वर्षांचं पोर बोलत नसलं की आमच्या सांगली-मिरजेकडं एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "सगळं कळतंय त्याला, फक्त बोलत नाही." आई म्हणते, आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, आणि स्पीच थेरपिस्टच्या समोर बसल्यावर पण पहिलं वाक्य तेच निघतं. कुणी खोटं बोलत नसतं. पण त्यातलं "बोलत नाही" हे सगळ्यांनी नीट बघितलेलं असतं आणि "सगळं कळतंय" हे बहुतेक वेळा कुणीच तपासलेलं नसतं. आणि थेरपिस्ट तपासणीत सगळ्यात आधी ह्याच दोन गोष्टी वेगळ्या करतात, मूल काय समजतं आणि मूल काय बोलतं. घरूनच हे वेगळं बघून गेलात तर त्या तासाभराचं खरंच सोनं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी बोलणं घेऊ कारण ते मोजायला सोपं आहे. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, आणि दोन वर्षं होईपर्यंत साधारण 50 शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, म्हणजे "बाबा भुर्र", "दूदू नको" असं, हे थेरपिस्ट धरून चालतात. दोन वर्षांचं झालं आणि 50 शब्द पण नाहीत किंवा जोडून काहीच बोलत नाही तर तपासून घ्यायचं, एवढं सरळ आहे. आता शब्द कुठला धरायचा ह्यात लोक अडकतात. भूभू, हम्मा, माऊ, मम्म, भुर्र हे सगळे शब्दच आहेत, मूल स्वतःहून, दरवेळी त्याच गोष्टीसाठी म्हणत असेल तर उच्चार कसा का असेना तो धरायचा. जतकडची आजी घरात कन्नड बोलत असेल आणि पोर पाण्याला कधी "नीरु" कधी "पाणी" म्हणत असेल तर दोन्ही धरायचे, भाषा दोन आहेत म्हणून मूल गोंधळलं आणि बोलायचं थांबलं असं होत नाही, त्यामुळं तपासणीच्या भीतीनं आजीला गप्प बसवू नका प्लीज.

पण एक गोष्ट धरायची नाही, निदान बोलण्यात तरी नाही. पूर्ण पोएम म्हणणं, एबीसीडी, वीसपर्यंत नंबर, सगळे कलर इंग्लिशमधे. हे पाठ असणं वेगळं आणि तहान लागल्यावर "पाणी" म्हणणं वेगळं. कितीतरी घरांत हे दुसऱ्या टोकाचं होतं, म्हणजे "बोलतंय की, अख्खी पोएम म्हणतंय" असं सांगतात आणि ते लेकरू भूक लागली की आईचा हात धरून डब्यापाशी नेतं, शब्द एक नाही. किंवा "पाणी पाहिजे का?" विचारलं की "पाणी पाहिजे का" असंच परत म्हणतं. थोडंफार असं मागं म्हणणं लहान मुलं करतातच, पण बोलणं जास्त करून तसंच असेल तर ते थेरपिस्टला मुद्दाम सांगायचं, कारण तिथं तोंडातून शब्द भरपूर येतायत पण समजण्याची बाजू कच्ची असू शकते.

आता समजणं. इथं खरी गंमत नाही तर खरी अडचण आहे, कारण समजणं डोळ्यांना दिसत नाही, आपण मूल काय करतं त्यावरून अंदाज बांधतो. आणि मुलं फार हुशार असतात. संध्याकाळी बाबांच्या गाडीची किल्ली वाजली, आईनं ओढणी घेतली, आणि कुणीतरी म्हणालं "चप्पल आण", पोरानं आणली. कळलं का? परिस्थिती कळली, हे नक्की. "चप्पल" हा शब्द कळला का, ते अजून माहीत नाही. तो काही न बोलता पण चप्पल घेऊनच आला असता.

माझ्या नणंदेच्या मुलाच्या तपासणीला मी बरोबर गेले होते, ती साताऱ्याहून आली होती, तिच्या सासूबाई पण होत्या कारण दिवसभर नातू त्यांच्याकडंच असतो. नणंद रस्ताभर मला तेच सांगत होती, "वहिनी, कळतंय हो त्याला सगळं." थेरपिस्ट मॅडमनी चटईवर चमचा, चेंडू, कंगवा, कप आणि एक छोटी गाडी मांडली, हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "कंगवा दे." त्यानं आधी आजीकडं बघितलं. सासूबाईंची हनुवटी किंचित कंगव्याकडं गेली, त्यांना स्वतःला पण कळलं नसेल. त्यानं कंगवा उचलून दिला, सगळे खूश. मॅडम सासूबाईंना अगदी गोड शब्दांत म्हणाल्या, "आजी, तुम्ही आता जरा माझ्याकडंच बघा हं." मग "कप दे." परत त्यानं आजीकडं बघितलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि गाडी दिली. नंतर "चेंडू कुठाय", तेव्हा पण गाडीच.

सासूबाईंचं तोंड उतरलं पण मॅडमनी लगेच सांगितलं की तो माणसांच्या चेहऱ्याकडं बघून मदत शोधतोय ही चांगली गोष्ट आहे आणि ती त्यांनी लिहून पण घेतली. फक्त ते शब्द समजण्याच्या खात्यात टाकता येत नाही. मला हे फार पटलं. दिवसभर आजी प्रेमानं हात करते, नजर करते, वस्तू जवळ सरकवते, आणि त्या सगळ्याला आपण "कळतंय" म्हणतो.

त्यामुळं घरी बघायचं तर असं बघा. हात करायचा नाही, वस्तूकडं बघायचं नाही, रोजच्या वेळेला नाही, आणि समोर एकच वस्तू नाही तर तीनचार असू देत. तुम्ही भाजी निवडत बसलाय, मूल शांत खेळतंय, आणि तुम्ही त्याच्याकडं बघून साध्या आवाजात म्हणता "उशी आण." किंवा कधीच करत नाही असं काहीतरी, "बूट आजीच्या मांडीवर ठेव", हे सवयीनं करता येत नाही, शब्दच कळावे लागतात. एकदा सांगून थांबायचं, दहापर्यंत मनात मोजायचं, लगेच परत परत सांगत सुटायचं नाही. नाही केलं तर रागवायचं पण नाही, आपण परीक्षा घेत नाहीये, फक्त लिहून ठेवतोय. दीड वर्षाच्या आसपास अशी एक साधी सूचना हातवारे न करता जमायला लागते, दोन वर्षांपर्यंत पुस्तकातलं चित्र विचारलं की दाखवणं आणि नाक, डोळे असे दोनेक अवयव दाखवणं, अडीचला दोन पायऱ्यांचं, "चेंडू ठेव आणि दार लाव."

हा फरक एवढा का महत्त्वाचा, तर पुढं काय होणार ते बरंचसं ह्यावर ठरतं. दोन वर्षांच्या मुलांत साधारण 10 ते 15 टक्के मुलं उशिरा बोलणारी असतात आणि त्यातली बरीचशी शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. पण कुठली येतात? ज्यांचं समजणं वयाप्रमाणं आहे, जी बोट दाखवतात, टाटा करतात, आणून दाखवतात, नजरेला नजर देतात, त्यांची शक्यता जास्त. तिथं थेरपिस्ट कधी कधी घरी काय करायचं ते शिकवून दोनतीन महिन्यांनी परत बोलावतात, आणि ते बरोबर असतं. समजणं पण मागं असेल तर थांबून बघायचं नाही, लगेच थेरपी सुरू करायची. आणि आधी येणारे शब्द मूल विसरायला लागलं, बोलायचं बंद झालं, तर वय काही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा. "ह्याचा बाप पण उशिरा बोलला" हे जे घरचे सांगतात ते थेरपिस्टला जरूर सांगा, घराण्यात असणं ही त्यांच्या कामाची माहिती आहे, पण ते तपासणी पुढं ढकलायचं कारण नाही. वेखंड उगाळून चाटवल्यानं ह्या दोन्हीतलं काहीच वाढत नाही. जीभ खाली चिकटलेली असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण त्यानं मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही.

आणि ह्या दोन्हीच्या खाली ऐकणं आहे. टाळी वाजवली की वळतंय म्हणजे कान चांगले, असं समजू नका. मोठा, जाड आवाज ऐकू येतो आणि "स", "श" सारखे बारीक आवाज निसटतात असं होऊ शकतं, सारखी सर्दी असणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागं पाणी साठून काही दिवस कमी ऐकू येतं आणि काही दिवस बरं. जन्मल्यावर कानाची टेस्ट पास झाली होती तरी आता परत करायला सांगतील, त्याला नाही म्हणू नका. ओएई म्हणून जी कानाची टेस्ट असते ती काही मिनिटांची, कानात छोटं बूच घालून. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची टेस्ट, असेल तर डोक्याला वायरी लावतात आणि मूल झोपलेलं लागतं, त्यामुळं आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवायला सांगतात. एसटीत किंवा गाडीत येताना झोपू देऊ नका, नाहीतर तिथं पोचल्यावर टक्क जागं. साताऱ्याहून मिरजेला येणाऱ्यांनी तर हे फारच लक्षात ठेवा.

बाकी तयारी फार मोठी नाही. एक कागद घ्या, मधे रेघ मारा, डावीकडं "समजतं", उजवीकडं "बोलतं". आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकानं जे दिसेल ते लिहायचं, शब्द जसा म्हणतं तसाच लिहायचा, "पाणी"ला "आनी" म्हणत असेल तर "आनी". डावीकडं लिहिताना कंसात लिहायचं, हात केला होता की नाही. मोबाईलवर दोनतीन छोटे व्हिडिओ, खेळतानाचा, जेवतानाचा, काहीतरी मागतानाचा, कॅमेऱ्याकडं बघून "बोल ना बोल ना" वाले नकोत. कारण अनोळखी खोलीत बरीच मुलं गप्प बसतात नाहीतर रडतात, थेरपिस्टना ते माहीत असतं, व्हिडिओ आणि तुमची माहिती तेव्हा कामाला येते. बाळंतपणाचे कागद, वजन, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती होती, लसीकरणाचं कार्ड, आधीचे कानाचे रिपोर्ट. आवडतं एक खेळणं आणि खाऊ. झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नका. आणि दिवसभर जो सांभाळतो तो माणूस बरोबर पाहिजेच, नोकरीवाल्या आईबापांना सकाळचे दोन तास आणि रात्रीचे दोन तास माहीत असतात, मधलं आजीला माहीत असतं.

प्रश्नांना उत्तर देताना "कधी कधी करतं" हे पण उत्तर आहे. पोराची बाजू सावरायला म्हणून हो हो म्हणत गेलं तर रिपोर्टमधे ते मूल आहे त्यापेक्षा पुढं दिसतं आणि मदत कमी मिळते, नुकसान त्याचंच. आदल्या दिवशी "हे काय, ते काय" करून घोकवून घेऊ नका, ते लेकरू प्रश्न ऐकूनच तोंड फिरवायला लागतं.

कुठं जायचं हे विचारणाऱ्यांसाठी, अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, 2013 पासूनची योजना आहे आणि फुकट आहे, उशिरा बोलणं त्यात धरलेलं आहे. पण पथकाचं बघणं म्हणजे चाळणी, पुढची पूर्ण तपासणी ते जिल्हा पातळीच्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडं पाठवून करून घेतात, त्यामुळं अंगणवाडीच्या ताईंकडून चिठ्ठी घ्या आणि पाठपुरावा करा. प्रायव्हेटला जात असाल तर थेरपिस्टचं शिक्षण बीएएसएलपी (ऐकणं आणि बोलणं ह्या विषयातली पदवी) किंवा त्यापुढचं आहे का आणि आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर आहे का एवढं विचारायला लाजू नका, चांगले थेरपिस्ट स्वतःहून दाखवतात.

रिपोर्ट हातात आला की त्यात बऱ्याचदा आरएलए आणि ईएलए अशी दोन वयं लिहिलेली असतात. आरएलए म्हणजे समजण्याचं वय, ईएलए म्हणजे बोलण्याचं वय, महिन्यांत. समजा 24 महिन्यांचं मूल आहे, आरएलए 22 ते 24 आणि ईएलए 12 ते 14, तर गोष्ट वेगळी. दोन्ही 12 ते 14, तर गोष्ट पूर्ण वेगळी, घरचा अभ्यास वेगळा, किती दिवसांनी यायचं ते वेगळं, आणि कदाचित बालरोगतज्ज्ञांकडून बाकीच्या विकासाची पण तपासणी करून घ्यायला सांगतील. ही दोन वयं रिपोर्टमधे वेगवेगळी लिहिलेली नसतील तर खोलीतून बाहेर पडायच्या आधी तोंडी विचारून घ्या, तारखेसकट लिहून ठेवा, आणि परत कधी तपासायचं ती तारीख पण तेव्हाच ठरवून घ्या.