मोडीच्या भावापासून ‘विंटेज’पर्यंत : नागपूरच्या जुन्या बाजाराची पार्श्वभूमी

इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी या नावांमागील आठवडी बाजारांची परंपरा नागपूरकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बाहेरगावाहून आलेला, जुन्या वस्तूंची आवड असलेला पाहुणा मात्र ‘येथे जुना बाजार कोठे भरतो’ असे विचारतो, तेव्हा त्याला एकच एक ठिकाण सांगता येत नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजार आहे, अहमदाबादेत साबरमतीकाठी रविवारी गुजरी भरते. विदर्भात मात्र गुजरी म्हणजे भाजीबाजार, त्यामुळे नावावरून शोध घेण्यात अर्थ नाही.

जुन्या वस्तूंचे असे एक ठिकाण नसण्याचे कारण व्यवहाराच्या रीतीत आहे. घरातले जुने लुगडे बोहारणीकडे जाई, रद्दी आणि लोखंड भंगारवाल्याकडे, तर तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघत. मोडीचा भाव वजनावर ठरतो, तेथे वयाला किंमत नसते. घरोघरी स्टीलची भांडी आली, तेव्हा भंडाऱ्याच्या कारागिरांनी घडवलेले किती पितळ या मार्गाने वितळले असेल, याचा विचार मनाला लागून राहतो. वयाला किंमत देणारा ‘विंटेज’ हा शब्द आपल्याकडे अगदी अलीकडे रुळला. त्यामुळे ज्या पितळी तांब्याला काल किलोचा भाव होता, त्याला आज नगाचा भाव सांगितला जातो.

हे वय ओळखण्याची सोय मराठी घरांनी स्वतःच करून ठेवली आहे. आहेराच्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालण्याची पद्धत होती. मी हाताळलेल्या एका पितळी तांब्याच्या काठाखाली देणाऱ्याचे नाव झिजून गेले होते, परंतु ‘शके १८६९’ ही अक्षरे बोटाला स्पष्ट लागत होती. त्यात ७८ मिळवले की १९४७ हे साल निघते. पाहुण्याने हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते, अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

वस्तूच्या वयाची कायद्याने अशी नोंद घेतली, परंतु बाजाराच्या वयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही संज्ञा आली. विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जेथे जमतात ते ठिकाण, असा तिचा आशय आहे. मात्र एखादे ठिकाण असा बाजार आहे की नाही, हे ठरवण्याचे काम नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व आहे. पन्नास वर्षे कोणाची मोजायची, हा कळीचा प्रश्न आहे. जागेची मोजली तर आपल्या पेठांची नावेच साक्ष देतात. विक्रेत्याची मोजली तर त्याच्याकडे बैठकीच्या, म्हणजे बसण्याच्या जागेच्या शुल्काच्या, जुन्या पावत्या असाव्या लागतात, आणि दिवसभराच्या धंद्यानंतर हातावर पडलेली चिठ्ठी पन्नास वर्षे कोण जपून ठेवतो? पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये, असेही हा कायदा सांगतो. तरीही सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील पथाऱ्यांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. वाहतूक, पादचारी आणि दुकानदार यांच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु चर्चेत त्यांचाच आवाज मोठा राहिला, हेही तितकेच खरे आहे.

जुन्या मालाच्या विक्रेत्याला स्थलांतर अधिक जाचते. भाजी घेणारा गरजेपोटी नव्या जागी शोधत येतो, पण जुनी पुस्तके किंवा अडकित्ता घेणारा वाटेत दिसले म्हणून थांबतो. पॅरिसच्या चिंध्या गोळा करणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या तटबंदीबाहेर जावे लागले आणि तेथे सांत-उआंचा प्रसिद्ध ‘पिसवांचा बाजार’ (फ्ली मार्केट) वाढला, हे उदाहरण स्थलांतराच्या बाजूने दिले जाते. तेथे विक्रेते एकत्र राहिले आणि ग्राहक त्यांच्यामागे गेला. आपल्याकडे चार पथाऱ्या चार दिशांना पाठवल्या जातात, आणि त्यांच्याकडे माल आणून देणारी बोहारीण व भंगारवाला यांची नोंद या सर्वेक्षणात कोणत्या रकान्यात व्हावी, हे अद्याप स्पष्ट झालेले नाही.