उंदराच्या वाटेची रेघ कुठून आली

प्राण्यांच्या वर्तनावरचा कुठलाही आजचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, उघडा, एक चित्र हमखास सापडतं. चौकोनात नाहीतर गोलात एक गुंतलेली रेघ, म्हणजे उंदीर कुठून कुठे फिरला, आणि शेजारी लाल-पिवळा हीटमॅप, म्हणजे कुठे जास्त वेळ रेंगाळला. हे इतकं अंगवळणी पडलंय की रेघ कॅमेऱ्यातून आपोआप बाहेर येते असंच वाटायला लागतं. पण ती कुणीतरी ठरवून काढलेली असते, काय ठेवायचं नि काय टाकायचं हे आधी ठरतं आणि मग रेघ येते, आणि ही ठरवाठरवी सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी सुरू झालीये.

1878 साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले आणि चारही खूर एकाच वेळी हवेत असतात हे दाखवलं, हे बऱ्याच जणांना माहिती असतं. मला मात्र त्यापेक्षा फ्रान्सच्या एतियन-ज्यूल मारेचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. 1882 मध्ये त्याने बंदुकीसारखा कॅमेरा बनवला, सेकंदाला 12 चित्रं घेणारा, आणि त्याने उडते पक्षी टिपले. नंतर फोटोच्या एकाच काचेच्या प्लेटवर अनेक चित्रं घ्यायला लागल्यावर अडचण आली, आकृत्या एकमेकींवर चढायच्या आणि काहीच कळायचं नाही. मग त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावले आणि काळ्या पडद्यासमोर चालायला लावलं. प्लेटवर माणूस गायब, फक्त रेघा आणि ठिपके उरले, आणि चाल एकदम स्वच्छ दिसली. माहिती मुद्दाम कमी केली म्हणून हालचाल दिसली, हा विचार मला आजही थक्क करतो, कारण आजचं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं.

प्राण्यांच्या मानसशास्त्रात मात्र पुढची बरीच दशकं चित्र मागे पडलं आणि आकडा पुढे आला. 1901 मध्ये विलार्ड स्मॉलने उंदरांसाठी चक्रव्यूह बांधला, इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट बागेतल्या भूलभुलैयावरून आराखडा घेऊन, आणि तिथून पुढे किती वेळ लागला, किती चुका झाल्या ही मोजणी रूढ झाली. 1934 मध्ये कॅल्विन हॉलने ओपन फील्ड चाचणी आणली, म्हणजे उंदराला मोकळ्या रिंगणात सोडायचं आणि काय करतो बघायचं. मग जमिनीवर चौकटी आखून उंदराने किती रेषा ओलांडल्या हे बसून मोजायचं, ही पद्धत सगळीकडे पसरली. कुणी कागदावर पेन्सिलीने वाट काढायचे, पण त्या कागदांचं संख्याशास्त्रात करायचं काय हा प्रश्नच होता, आकडा कसा सरळ तक्त्यात बसतो. पुढे इन्फ्रारेड किरणांच्या पेट्या आल्या, किरण तुटला की एक मोजायचं, माणसाची गरजच संपली.

यात हरवलं काय, तर वाटेचा आकार. समजा दोन उंदरांनी सारख्याच रेषा ओलांडल्या, पण एक पूर्ण वेळ भिंतीला चिकटून फिरला आणि दुसरा बिनधास्त मधून गेला. आकडा म्हणणार दोघं सारखेच, आणि भीतीचा अभ्यास करणाऱ्याला तर हाच फरक हवा असतो!

1981 मध्ये रिचर्ड मॉरिसची पाण्याची टाकी आली आणि इथे हा प्रश्न टाळता येईना. गढूळ केलेल्या पाण्यात एक फळी पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेली, उंदराने पोहत ती शोधायची, आणि आसपासच्या खुणांवरून तिची जागा लक्षात ठेवायची. पोचायला लागलेला वेळ मोजायचे, पण वेळ जास्त लागला म्हणजे स्मरणशक्ती वाईट असं थोडीच आहे, उंदीर हळू पोहत असेल, कडेकडेने गोल गोल फिरत असेल, किंवा नुसता तरंगत असेल. वाट काढून बघितली की ते एका नजरेत कळतं. त्यामुळे वर कॅमेरा आणि खाली कॉम्प्युटर ही जोडी मला वाटतं या चाचणीमुळेच खऱ्या अर्थाने प्रयोगशाळांत मुरली.

सुरुवातीच्या सॉफ्टवेअरचं तंत्र साधं होतं. रिकाम्या टाकीचं चित्र प्रत्येक फ्रेममधून वजा करायचं, जो डाग उरेल तो प्राणी, त्या डागाचा मध्यबिंदू काढायचा आणि बिंदू जोडत जायचं. म्हणून रंगातला फरक फार महत्त्वाचा, पांढुरक्या पाण्यात पांढरा उंदीर दिसणार कसा, तर डोक्यावर काळा रंग लावायचा नाहीतर पाणीच गडद करायचं. नेदरलँड्समधल्या नोल्डस कंपनीचं एथोव्हिजन 1990 च्या दशकात आलं आणि मग हे काम तयार पॅकेजमध्ये मिळायला लागलं.

तिकडे मेंदूवाल्यांनी या रेघेचा वेगळाच उपयोग करून दाखवला. जॉन ओकीफने 1971 मध्ये प्लेस सेल दाखवले होते, उंदीर ठराविक जागी आला की पेटणाऱ्या, म्हणजे सक्रिय होणाऱ्या, मेंदूतल्या पेशी. 2005 मध्ये मोझर दांपत्याच्या गटाने उंदराची वाट रेघेने काढली आणि मेंदूतली दुसऱ्याच प्रकारची एक पेशी जिथे जिथे पेटली तिथे ठिपका ठेवला, तर ठिपक्यांची चक्क षटकोनी जाळी उमटली. सरासरी किती वेळा पेटली हा आकडा कितीही नीट मोजला असता तरी ही जाळी त्यात दिसली नसती. ओकीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं.

एका प्राण्यापर्यंत सगळं ठीक होतं, पण दोन माश्या एकमेकींवरून गेल्या की सॉफ्टवेअर गोंधळायचं, कोण कुठली तेच कळेना. 2009 च्या सीट्रॅक्स या सॉफ्टवेअरने फळमाश्यांचे थवेच्या थवे ट्रॅक केले, 2013 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटाने मुंग्यांच्या पाठीवर बारकोडसारखे टॅग चिकटवून 6 वसाहती 41 दिवस बघितल्या, आणि 2014 च्या आयडीट्रॅकरने प्रत्येक प्राण्याच्या दिसण्यावरूनच त्याची ओळख ठेवायची युक्ती काढली, म्हणजे टॅगचीही गरज नाही.

आणि मग 2018, डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर. तऱ्हेतऱ्हेच्या वस्तूंच्या चित्रांवर आधीच शिकलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, घ्यायचं, त्याला साधारण 200 फ्रेमवर नाक, कान, पंजे, शेपटीचं मूळ असे ठिपके हाताने दाखवायचे, की बाकीच्या व्हिडिओत ते स्वतःच ठिपके ठेवतं. मारेच्या पांढऱ्या ठिपक्यांची आठवण येते ना? फरक इतकाच की आता प्राण्याला काहीच चिकटवावं लागत नाही. मध्यबिंदूच्या रेघेत उंदीर नुसता सरकायचा, आता तो वळतो, मान उचलतो, पंजा घासतो हे सगळं दिसतं. नंतर स्लीपसारखी दुसरी साधनं आली, एकाच वेळी अनेक प्राण्यांचे ठिपके पकडणारी, आणि बरीचशी फुकट आणि ओपन सोर्स आहेत ही मला खरंच मोठी गोष्ट वाटते, कारण छोट्या प्रयोगशाळेलाही आता हे जमतं.

पण चित्र जितकं देखणं झालं तितके त्यातले निर्णय झाकले गेलेत, आणि हे मला काळजीचं वाटतं. उंदीर गाढ झोपलेला असला तरी ठिपका प्रत्येक फ्रेमला जरासा थरथरतो, ते सगळं बेरजेत धरलं तर झोपलेला उंदीर कितीतरी अंतर चाललेला निघतो. म्हणून रेघ गुळगुळीत करायची, पण किती, जास्त केली तर खरी झटकन घेतलेली वळणंही पुसली जातात. मध्ये ठिपका हरवला तर रिकामी जागा सरळ रेघेने भरायची की तशीच सोडायची? हीटमॅपमध्ये चौकटी केवढ्या आणि रंगांची पट्टी कुठून कुठपर्यंत, यावर एकाच डेटाचं चित्र पार बदलतं. दोन गटांना वेगवेगळी पट्टी लावली असेल तर शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थच नाही.

डीपलॅबकट प्रत्येक ठिपक्यासोबत किती खात्री आहे त्याचा आकडा देतं, 0 ते 1 मधला. तो आकडा फाईलमध्ये असतो, पण छापलेल्या चित्रात जवळपास कधीच नसतो. कमी खात्रीचा भाग फिकट रंगात काढायला दोन ओळींचा कोड पुरतो, आणि रेघ मूळ व्हिडिओवर ठेवून काही मिनिटं डोळ्यांनी बघितलं तर अदलाबदल झालेल्या ओळखी आणि उडी मारलेले ठिपके लगेच पकडता येतात. हे पेपरच्या चित्रासोबत जोडायची पद्धत पडायला हवी असं माझं ठाम मत आहे.