ठाणे–पुणे एसटी मार्ग

ठाणे शहरातील वंदना व खोपट बसस्थानकांना पुण्याशी जोडणारा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचा लांब पल्ल्याचा मार्ग. लांबी सु. 150 किमी.; ती कोणत्या ‘मार्गे’ गाडी जाते यावर थोडी कमी-अधिक होते. पुण्याकडील मुख्य टोक स्वारगेट.

या मार्गाला दादर–पुणे सेवेचा फाटा समजण्याची प्रवृत्ती आढळते. निमआराम आणि वातानुकूलित गाड्यांच्या बाबतीत दादर आघाडीवर होते, हे खरे. मात्र रस्त्याचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. ठाणे खाडीवर वाशी येथे पूल होण्यापूर्वी मुंबईहून मोटारीने पुण्याला जायचे तर शीव, मुलुंड ओलांडून ठाण्यालाच यावे लागे. तेथून कळवा, मुंब्रा, शीळफाटा, तळोजे, पनवेल असा रस्ता होता. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या अनुसूचीतही जुन्या महामार्ग क्र. 4 चा आरंभ ठाण्याजवळ, क्र. 3 च्या संगमापासून दिला असून पुढे पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर मार्गे मद्रास असा उल्लेख आहे. म्हणजे ठाणे हे पुण्याच्या रस्त्याचे आडवळण नव्हते, तर खाडी ओलांडण्याचे ठिकाण होते. मार्गाचा इतिहास येथूनच धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

त्याआधीच्या काळात मुंबईकर प्रवासी पनवेलपर्यंत होडीने जाऊन घाटाची वाट धरीत. बोरघाटाचा चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 10 नोव्हेंबर 1830 रोजी खुला केला. घाटातील ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल याच कामाचा भाग मानतात. तो एप्रिल 2020 मध्ये पाडण्यात आला. ठाण्याच्या बाजूस कळव्याचा जुना कमानींचा पूल एकोणिसाव्या शतकातला असून त्याचे बांधकाम सामान्यतः 1863 च्या सुमाराचे धरले जाते. 2016 मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरील पूल कोसळल्यानंतर तो वाहतुकीस बंद झाला. पुण्याच्या मोटारी, मालट्रक आणि पुढे एसटीच्या गाड्या अनेक दशके याच अरुंद पुलावरून गेल्या, हे त्याच्या इतिहासात सहसा नमूद होत नाही, व्हायला हवे.

प्रवासी वाहतूक सरकारी झाल्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर धावली. रस्ते परिवहन महामंडळ अधिनियम, 1950 नुसार महामंडळ आले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्याला सध्याचे रूप मिळाले. ठाण्याहून सुटणाऱ्या त्या काळच्या साध्या गाड्या पनवेल, खोपोली, लोणावळा ही स्थानके घेत जात. खोपोलीनंतर खऱ्या चढाला सुरुवात होई, सु. 620 मी. उंचीवरील लोणावळ्यापर्यंत भरलेली गाडी खालच्या गिअरवरच ओढावी लागे. वाहकाजवळच्या पत्र्याच्या पेटीत निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीने लावलेल्या असत. पुण्याचे भाडे जुळवायला दोन-तीन तिकिटे फाडून त्यांना पंचने भोक पाडायचे आणि टप्पा बदलला की वेबिलात (वाहकाच्या तिकीट-हिशेबाच्या पत्रकात) नोंद करायची, अशी रीत होती. एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते व एक टप्पा 6 किमी.चा असतो. त्यामुळे ‘मार्गे’ हा शब्द पाटीवर केवळ माहितीसाठी नसतो. मार्ग बदलला की टप्पे आणि भाडे दोन्ही बदलतात.

वाशीचा पहिला पूल 1970 च्या दशकाच्या आरंभी (बहुधा 1973) खुला झाला. मुंबईची पुण्याकडील वाहतूक शीव–पनवेल रस्त्याकडे वळली आणि ठाण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने ठाणेकरांचा झाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली होती. ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्याबरोबर वस्तीही वाढत गेली. 1999 मध्ये मुलुंड–ऐरोली पूल झाल्यावर कळवा-मुंब्र्याची कोंडी टाळता येऊ लागली. पुण्याच्या बहुतेक रेल्वेगाड्या कल्याणमार्गे जात असल्याने ऐरोली, रबाळे, घणसोली येथील नोकरदारांना ही बस विशेष सोयीची ठरली. नवी मुंबईतून चढणाऱ्यांमुळे या मार्गाचे स्वरूप जेवढे बदलले, तेवढे कोणत्याही नव्या गाडीमुळे बदलले नाही, असे म्हणता येईल.

कळंबोली ते किवळे हा 94.5 किमी.चा सहापदरी मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग 2000 पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन 2002 मध्ये पूर्ण झाला. दादर–पुणे ‘शिवनेरी’ ही एसटीची वातानुकूलित सेवा त्याच सुमाराची. ठाण्याहून ही सेवा नंतर सुरू झाली. शिवनेरीच्या काही फेऱ्या विनावाहक असतात: तिकिटे स्थानकावर व ठरलेल्या थांब्यांवर देऊन वाहक खाली उतरतो. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या या गाड्या खोपोली व लोणावळा स्थानकांत जात नाहीत. त्या गावांची सोय जुन्या महामार्गावरील साध्या गाड्यांवरच राहिली आणि तिचा विचार वेळापत्रके आखताना मागे पडलेला दिसतो.

ऑक्टोबर 2021 अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात एसटीच्या इतर मार्गांप्रमाणे येथील वाहतूकही विस्कळित झाली. 2023 मध्ये ठाणे–पुणे मार्गावर विजेवर चालणारी ‘ई-शिवनेरी’ आली. त्याच वर्षी 17 मार्चपासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत अर्धे तिकीट लागू झाले. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची सवलत ऑगस्ट 2022 पासूनच होती. या सवलती वातानुकूलित गाड्यांनाही असल्याने पूर्वी केवळ साध्या गाडीने जाणारा प्रवासीही शिवनेरीचे आरक्षण करू लागला.