सिंगापूरची शालेय सहल: मुलांच्या लक्षात काय राहतं?

पालक आणि शिक्षकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

शाळेची सिंगापूर सहल ठरली की पालकसभेत पहिला प्रश्न येतो, "काय काय दाखवणार?" ठिकाणांची यादी सोबत जोडली आहेच. पण कार्यक्रम असा का आखला, काही ठिकाणी मुलांना इतका मोकळा वेळ का दिला, हेही आपल्याला कळायला हवं. सहलीच्या शेवटच्या रात्री आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घेतो: सर्वांत आवडलेली आठवण कोणती आणि का. ही पानं वाचूनच आम्ही कार्यक्रमात बदल करत आलो आहोत. मुलांनी जे नुसतं पाहिलं, त्यावर ती एखादी ओळ लिहितात. जे स्वतः केलं, त्यावर पान पुरत नाही.

सर्वांत जास्त लिहिलं जातं ते हॉकर सेंटरमधल्या जेवणावर. रस्तोरस्ती फिरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या फेरीवाल्यांना सिंगापूर सरकारने १९७०च्या दशकात नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या छपराखाली आणलं, त्यातून ही केंद्रं उभी राहिली. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपली मुलं लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये जेवतात. चार-चार जणांचा गट करायचा, प्रत्येक गटाला ठरावीक डॉलर द्यायचे आणि शिक्षकांनी मधल्या टेबलावर बसून लक्ष ठेवायचं, अशी आमची पद्धत. कुठल्या स्टॉलपुढे उभं राहायचं, शाकाहारी कोण, पैशांत काय बसतं, हे सगळं गटाने ठरवायचं. रिकामं टेबल दिसलं की तिथले लोक त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात; मुलं हे पहिल्या पाच मिनिटांत शिकतात!

जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून रॅकवर ठेवायचा. २०२१ पासून हे सक्तीचं आहे. पहिल्यांदा चुकलं तर समज मिळते, पुन्हा चुकलं तर दंड होऊ शकतो. हलाल ट्रेंचा रॅक वेगळा असतो, त्यामुळे मुलं ट्रे हातात धरून पाट्या वाचत उभी राहतात, एकमेकांना विचारतात, मग ठेवतात. एका मुलीने जेवणाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि उरलेलं सगळं पान या ट्रेवर होतं: आपण चुकीच्या रॅकवर ठेवायला निघालो होतो, शेजारच्या आजोबांनी हाताने खूण करून दुसरा रॅक दाखवला, आणि जाताना त्यांना नमस्कार केला. अशा पानासाठी आम्ही हॉटेलातलं आयतं जेवण एक वेळ आनंदाने सोडतो.

मेट्रोचंही तसंच. तिथे तिला एमआरटी म्हणतात. इंग्रजी, मँडरिन, मलय आणि तमिळ या चारही अधिकृत भाषा कानावर आणि डोळ्यांवर पडत राहतात. डब्यात खाणं-पिणं चालत नाही, आणि ड्युरियन हे उग्र वासाचं फळ आत नेऊ नये, अशी चित्रासकट पाटी असते. रोज एका गटाकडे नकाशा देतो आणि कुठे गाडी बदलायची ते त्याच गटाने सांगायचं. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, हे कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

पाडांग मैदानावर आम्ही मुद्दाम थांबतो. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची पाहणी करून 'चलो दिल्ली'ची हाक दिली. जवळच्या एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. १९४५ मध्ये नेताजींनी त्याची पायाभरणी केली, ब्रिटिश परतल्यावर त्यांनी ते पाडलं, आणि १९९५ मध्ये तिथे स्मृतिफलक लावला गेला. सिंगापुरात डॉक्टरकी करणाऱ्या लक्ष्मी स्वामिनाथन याच शहरात आझाद हिंद सेनेतल्या महिलांच्या तुकडीच्या, झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख झाल्या. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या, भारत कधी न पाहिलेल्या कितीतरी मुली त्यात भरती झाल्या. आपल्या झाशीच्या राणीचं, तांब्यांच्या लेकीचं नाव इतक्या दूर त्या मुलींनी अभिमानाने लावलं, हे ऐकताना आठवी-नववीच्या मुली गप्प होतात. पुस्तकातला धडा पायाखाली येतो तो इथे. म्हणून या थांब्याचा वेळ कमी करा, असं कुणी सुचवलं तरी आम्ही करत नाही.

गार्डन्स बाय द बे या बागेतले सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे मनोरे, २५ ते ५० मीटर उंच आहेत. संध्याकाळी पावणेआठला तिथे दिव्यांचा आणि संगीताचा खेळ होतो, त्याला तिकीट नाही. त्या वेळी मुलांना जमिनीवर उताणं पडू द्यावं, कपडे मळले तरी चालतील. नशीब असेल तर पाण्याच्या कडेला पाणमांजरांचं कुटुंबही दिसतं. तिथल्या नद्या स्वच्छ झाल्यावर ती शहरात परतली. ती दिसलीच तर त्या दिवसाचं बाकी सगळं विसरलं जातं.

मर्लायन या सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या पुतळ्यापाशी फोटो होतो, पानावर ओळही येत नाही. सेंटोसा या करमणुकीच्या बेटावरचा दिवस मुलांना हवाच असतो, म्हणून तो ठेवला आहे. चांगी विमानतळाला लागून असलेल्या ज्युएल या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा शेवटच्या दिवशी पाहतो.

आपल्याकडून काय हवं?

दिवसभर व्हिडिओ कॉल करू नयेत, ही कळकळीची विनंती. मूल रांगेत उभं राहून पैसे मोजत असताना फोन वाजला की तो क्षण हातचा जातो. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथल्या रात्री साडेनऊला, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला, एकदा बोलणं करून देऊ. ख्यालीखुशालीचा निरोप शिक्षकांकडून गटावर येत राहील.

खर्चाचे पैसे सगळ्यांना सारखेच द्या. वरचे गुपचूप देऊ नका, गटात लगेच कळतं आणि एखाद्या मुलाला वाईट वाटतं. बॅगेत च्युइंगम नको, ते तिथे नेता येत नाही. तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, त्यामुळे रिकामी बाटली पुरे. मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचाच असतो, म्हणून तारीख आजच पाहा. प्रवासाच्या दिवशी निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. व्हिसाचं काम आम्ही करतो. प्रवेशाचं ऑनलाइन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, त्याला शुल्क नाही, तेही आम्हीच भरू.

मूल घरी आल्यावर "कशी झाली सहल?" असं विचारलंत तर "मस्त" एवढंच उत्तर मिळेल. काय मागवलंस, किती सुटे परत आले, कोणत्या स्टेशनवर चुकलात, कोणाशी बोललास, असं विचारा. पान आम्ही पाकिटातून मुलाच्याच हाती देतो. त्याने दाखवलं तरच वाचा.

पालकसभेला येताना पासपोर्टची झेरॉक्स, मुलाचे दोन फोटो आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावी.