बंबाच्या नाकावरचा गोळा

अमेरिकेतल्या कितीतरी लहान गावांनी आपला जुना आगीचा बंब जिवापाड जपून ठेवलाय. त्यातला आरेन्स-फॉक्स कंपनीचा बंब लांबूनच ओळखू येतो. गाडीच्या अगदी नाकावर, इंजिनाच्याही पुढे पंप आणि त्या पंपाच्या डोक्यावर मोठ्या घागरीएवढा चकचकीत धातूचा गोळा. मुलं त्यात आपली वाकडीतिकडी तोंडं बघतात, मोठ्यांना तो शोभेचा वाटतो. मला मात्र अख्ख्या गाडीत तोच सगळ्यात जास्त आवडतो.

हे बंब सिनसिनाटी शहरात बनायचे. वाफेच्या बंबांवर चालणारं पगारी अग्निशमन दल या शहराने 1853 मध्येच उभं केलं होतं. पुढे पेट्रोलवर चालणारी इंजिनं आली, तरी आरेन्स-फॉक्सने दट्ट्याचा पंप सोडला नाही. या पंपाचा मोठा गुण म्हणजे नळीतली हवा तो स्वतःच ओढून काढतो. मग बाहेरच्या हवेचा दाब तळ्यातलं पाणी वर ढकलतो. हा दाब जास्तीत जास्त सुमारे 10 मीटर उंचीचा स्तंभ पेलतो, म्हणून प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरच्या खालचं पाणी कुठल्याच बंबाला नीट ओढता येत नाही.

दट्ट्याची खोड एकच, तो पाणी धक्क्याधक्क्याने देतो. पुढे गेला की लोट, मागे आला की खंड. तीन-चार दट्टे आळीपाळीने चालवले तरी चढउतार उरतोच. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे प्रत्येक धक्का जसाच्या तसा नळीभर जातो. नळी उसळते, सांधे खिळखिळे होतात आणि नळीचं तोंड धरलेल्या माणसाच्या हातांची परीक्षा होते.

इथे तो गोळा कामाला येतो. त्यात हवा कोंडलेली असते आणि हवा दाबली जाते. दट्ट्याने जास्त पाणी रेटलं की ते गोळ्यात चढतं, हवा आकसते. रेटा कमी पडला की तीच हवा फुलून पाणी खाली ढकलते. नळीतून सलग धार निघते. गोळा एवढा मोठा का, हे बॉइलच्या नियमावरून कळतं: तापमान तेच असेल, तर दाब जितक्या पट वाढतो तितक्या पट हवेची जागा कमी होते. सुरुवातीला आत साधी बाहेरचीच हवा असेल आणि पंपाने तिच्यावरचा दाब आठपट केला, तर ती आठव्या हिश्शात मावते. एवढं आकसूनही पुरेशी उशी उरायला हवी ना! आणि गोल का, तर तेवढ्याच व्यासाच्या व जाडीच्या नळकांड्याच्या मानाने गोळ्याच्या भिंतीवर निम्माच ताण येतो.

ही युक्ती मोटारीपेक्षा खूप जुनी. अठराव्या शतकातल्या हाताने हापसायच्या इंग्लिश बंबांतही हवेचं भांडं असे. त्याच काळात स्टीफन हेल्स या धर्मगुरूने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली. रक्त अडीच मीटरच्या आसपास चढलं. 1733 मध्ये ते प्रयोग छापताना त्याने धमन्यांची तुलना थेट बंबातल्या या भांड्याशी केली. पुढे 1899 मध्ये ऑटो फ्रँकने त्यावर गणित मांडलं. त्या सिद्धांताला आजही ‘विंडकेसेल’ म्हणतात, म्हणजे जर्मनमध्ये हवेचं भांडं.

हृदय हाही धक्क्यांनीच चालणारा पंप. ते आकुंचन पावतं तेव्हा महाधमनी फुगून थोडं रक्त धरून ठेवते आणि हृदय सैल पडलं की आकसून ते पुढे लोटते. म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही रक्त वाहत राहतं. वय वाढलं की ही धमनी ताठरते, रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि दोन आकड्यांमधलं अंतर रुंदावतं.

पुढे बंबांत फिरत्या पात्यांचे पंप आले. हलके, स्वस्त आणि मुळातच सलग धार देणारे. त्यांना सुरुवातीला हवा काढून द्यावी लागते खरी, पण गोळ्याची गरज उरली नाही. बंबाच्या नाकावरून तो गेला. एरवी शेतावर किंवा कारखान्यात दट्ट्याचा पंप दिसला, तर त्याच्या डोक्याकडे जरूर बघा. तिथे हवेचं बुटकं भांडं बहुधा असतंच.